उष्ट्या पत्रावळी कोणी उचलायच्या?

माघ वद्य चतुर्दशी जवळ आली की भंडारा जिल्ह्यातील वाटा शिवनामाच्या गजराने दुमदुमू लागतात. तुमसर तालुक्यातील गायमुखाला या भागातील भाविक प्रेमाने ‘लहान महादेव’ म्हणतात. खांद्यावर त्रिशूळ घेतलेले महादेवाचे पोहे तिकडे निघतात. वैनगंगेच्या पैलतीरी आंभोऱ्यालाही चैतन्येश्वराच्या दर्शनासाठी गर्दी लोटते. पूर्वी भंडाऱ्याच्या बाजूने तेथे नावेने जावे लागे. २०२४ साली पूल खुला झाल्यापासून ती वाट सोपी झाली आहे. रस्त्याच्या कडेने फराळाचे, ताकाचे, चहाचे मांडव पडतात आणि वाटसरूला हात धरून बसवले जाते. अन्नदानाची ही हौस आमच्या भागात अजून ओसरलेली नाही, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु अमावास्येच्या सकाळी त्याच रस्त्याने परतणाऱ्याने मान खाली घालून चालावे, अशी स्थिती असते. चंदेरी मुलाम्याचे द्रोण, पाण्याच्या रिकाम्या पिशव्या, चहाचे पेले वाऱ्याने उडत धानाच्या बांध्यांत जाऊन पडतात. पूर्वी या जिल्ह्यात पंगत बसे ती पळसाच्या पानांवर. उष्टी पत्रावळ उकिरड्यावर गेली तरी चार महिन्यांत तिची माती होई. आताचा द्रोण कुजत नाही, आणि त्याला लागलेल्या मिठाच्या व तेलाच्या वासाने गुरे तो खातात. गायमुख हे नाव ज्या गाईवरून पडले, तिच्याच मुखात आपल्या महाप्रसादाची पिशवी जावी, याला काय म्हणावे?

हे उचलायचे कोणी? असा प्रश्न केला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. १९५८ च्या कायद्याने गावाची स्वच्छता ग्रामपंचायतीकडे दिली आहे, परंतु तिची माणसे मोजकी आणि त्यांचे लक्ष गावठाणापुरते. दोन गावांमधला रस्ता कुठे बांधकाम खात्याचा, कुठे जिल्हा परिषदेचा. साकोली-लाखनीवरून जाणारा हमरस्ता राष्ट्रीय महामार्गाचा. देवस्थान म्हणते, आमची हद्द आवारापुरती. मांडव घालणारे मंडळ तर दुसऱ्या दिवशी उरतच नाही. आणि कचरा नेमका पडतो तो दोन हद्दींच्या मधोमध!

दंडाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्त्यावर केर टाकणाऱ्यास पणाचा आठवा भाग आणि राजमार्गावर तोच अपराध केल्यास दुप्पट दंड सांगितला आहे. पुण्यस्थान, पाणवठा आणि देवालय येथे घाण करणाऱ्यास त्याहून जबर दंड आहे. आजारी आणि भयग्रस्त मनुष्यास मात्र सूट आहे. मनुस्मृतीत दंडाबरोबर आणखी एक गोष्ट आहे : राजमार्गावर घाण करणाऱ्याने दोन कार्षापण भरावेत आणि ती घाण स्वतः तत्काळ साफ करावी. वृद्ध, गर्भवती आणि बालक यांना दंड नाही, फक्त समज द्यावी. मात्र जागा स्वच्छ झाली पाहिजे. ‘घाण करील त्यानेच काढावी’ हे वचन पुढे समाज सोयीस्कर विसरला. साफसफाईचे काम काही जातींच्या माथी मारले, त्यांनाच अस्पृश्य ठरवले, आणि आपण मात्र सोवळे नेसून देवळात गेलो. आजही यात्रेनंतर वाकून द्रोण वेचणारे हात बहुधा त्याच वस्त्यांतले असतात. ज्यांच्या पंगतीत ते कधी बसले नाहीत, त्यांचे उष्टे त्यांनी का उचलावे?

या अन्यायाला जाब विचारला तो आपल्याच विदर्भातल्या एका परिटाच्या मुलाने. शेंडगावचे गाडगेबाबा पंढरपुरास जात, ते देवळाच्या गाभाऱ्यासाठी नव्हे, तर चंद्रभागेचे वाळवंट झाडण्यासाठी. गावात शिरले की आधी हातात खराटा, रात्री कीर्तन. त्यांच्या नावाने २०००-०१ साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. तुकडोजी महाराजांनीही ग्रामगीतेत ग्रामशुद्धीला स्वतंत्र अध्याय दिला.

आजचा कायदाही याच दिशेने गेला आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर, नाल्यात, पाण्यात कचरा टाकण्यास मनाई केली, जागीच दंड करण्याची तरतूद ठेवली. शंभरांहून अधिक माणसे जमवणाऱ्याने तीन दिवस आधी स्थानिक संस्थेस कळवावे आणि ओला-सुका कचरा वेगळा करून सोपवावा, असे कर्तव्यही त्यांनी घातले. २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत पहिल्या अपराधास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० आणि तिसऱ्यास २५,००० रुपयांसह तीन महिने कैद आहे. पण यात्रेच्या गर्दीत अनवाणी चालणाऱ्या म्हाताऱ्या पोहेकऱ्याला शिपाई काय दंड करणार? त्याच्या हाती द्रोण दिला कोणी, हे पाहावे. प्रस्तुत लेखकाच्या मते दंड मांडववाल्यांना हवा. परवानगी देतानाच त्यांच्याकडून अनामत रक्कम घ्यावी, आणि अमावास्येला दोन्ही बाजूंची शंभर-शंभर पावले स्वच्छ दिसली तरच ती परत करावी.

आंभोऱ्याला वैनगंगेत कन्हानचे पाणी मिळते. कन्हानमध्ये नाग नदी मिळते आणि तिच्यातून नागपूर शहराचे सांडपाणी खाली गोसेखुर्दच्या जलाशयापर्यंत उतरते. वरच्यांनी टाकावे आणि खालच्यांनी सोसावे, याचा संताप भंडारा-पवनीकरांना आहे आणि तो रास्त आहे. पवनीच्या घाटावर स्नानाला उतरणाऱ्या माउलीने हा जाब नागपूरला अवश्य विचारावा. मात्र आपल्या मांडवाचे द्रोण ज्या शेतकऱ्याच्या बांधीत उडून गेले, तोही तिला तोच जाब विचारू शकतो.

धर्मराजाच्या राजसूय यज्ञात प्रत्येकाने एकेक मानाचे काम घेतले आणि श्रीकृष्णांनी उष्ट्या पत्रावळी काढण्याचे काम मागून घेतले, ही कथा आपण कीर्तनातून लहानपणापासून ऐकली आहे. वाढणाऱ्यांची नावे मांडवाच्या फलकावर झळकतात. यंदा त्याच फलकावर, वाढप्यांच्या वर, पत्रावळी उचलणाऱ्यांची नावे लिहावीत. आणि मंडळाचे अध्यक्ष त्या यादीत पहिले असावेत. पळसाची पाने आमच्या रानात अजून आहेत. ती टाचणाऱ्या बायाही गावोगावी आहेत. आठ दिवस आधी सांगितले, तर त्या पोह्यांना पुरतील इतक्या पत्रावळी करून देतील.