मोटारीचे घोडे कोठे मोजावे?

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाताना वाटेत गडेगाव लागते. तेथील अशोक लेलँडच्या कारखान्यात अवजड वाहनांचे गिअरबॉक्स तयार होतात. गिअरबॉक्स हा इंजिन आणि चाके यांच्यामधील दुवा होय. मोटारीची शक्ती या दुव्याच्या अलीकडे मोजली की पलीकडे, हे कळल्यावाचून तिच्या अश्वशक्तीच्या आकड्यास नेमका अर्थ येत नाही.

अश्वशक्तीचे माप अठराव्या शतकात जेम्स वॅट याने ठरविले. ३३,००० पौंड ओझे एका मिनिटात एक फूट उचलणे, ही एक अश्वशक्ती. मेट्रिक अश्वशक्ती किंचित लहान. तीत ७५ किलो ओझे एका सेकंदात एक मीटर वर जाते.

परंतु इंजिन काही विहिरीवर ओझे ओढीत नाही. ते केवळ फिरते. फिरण्याची शक्ती मोजण्याची एक युक्ती प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने १८२१ साली काढली. इंजिनाचे फिरते चाक लाकडी ठोकळ्यांत आवळावयाचे आणि ठोकळ्यांस जोडलेल्या दांड्याचे टोक तराजूवर टेकवावयाचे. चाक दांड्यास आपल्याबरोबर फिरवू पाहते. तराजू त्यास अडवितो आणि त्या ओढीचे वजन दाखवितो. समजा, दांडा १ मीटर लांब आहे, तराजूवर भार १० किलो आहे आणि चाकाचे फेरे मिनिटास ३,०००, म्हणजे सेकंदास ५० आहेत. दांड्याचे टोक फिरते तर एका फेऱ्यात ६.२८ मीटर चालले असते. म्हणून १० × ६.२८ × ५० = ३,१४०; यास ७५ ने भागता सुमारे ४२ अश्वशक्ती येते. विद्यार्थ्यांनी दांडा दोन मीटरांचा धरून हेच गणित पुन्हा करून पाहावे. तराजूवर भार किती येईल?

ही सारी शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते आणि लाकूड धुमसू लागते. म्हणून पुढील डायनॅमोमीटरांत पाण्याचा किंवा विद्युच्चुंबकाचा रोध योजिला गेला. तत्त्व मात्र तेच.

पुणे येथे १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत मोजणीच्या दोन्ही तऱ्हा आहेत. एकीत नुसते इंजिन चौथऱ्यावर बसवितात. दुसरीत सबंध मोटार पट्ट्यांनी जखडून तिची चाके लोखंडी रुळांवर ठेवितात; समोर मोठा पंखा लावितात. चाके धावतात, मोटार जागची हलत नाही! येथे आकडा कमी भरतो. गिअरच्या दात्यांचे घर्षण, तेलाची घुसळण, टायरांचे दबणे या सर्वांनी आपापला वाटा वाटेतच घेतलेला असतो. कंपनीच्या माहितीपत्रकातील आकडा बहुधा नुसत्या इंजिनाचा असतो. तो वाचून मोटार घेणारे पालक पुढे ‘गाडी फसवी निघाली’ म्हणतात. वस्तुतः गाडी फसवी नसून दोन ठिकाणची मापे एक समजली गेलेली असतात.

आमच्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनास प्राणवायू कमी मिळतो. याकरिता मोजलेला आकडा ठराविक तापमान व वायुभार धरून दुरुस्त करण्याचा प्रघात आहे. भंडाऱ्यास वैशाखातील दुपारी त्या दुरुस्त आकड्यातील काही घोडे सावलीतच उभे राहतात.