सासूबाईंची वही आणि संगणकाच्या तांबड्या रेघा

सासूबाईंना 81 वे वर्ष लागले, तेव्हा सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी त्यांच्या पाककृतींच्या वहीची छोटी पुस्तिका छापून पाहुण्यांच्या हातात द्यायची, असे घरात ठरले. मराठी मजकूर मी टाइप करायचा आणि आमची धारवाडची सून समोरच्या पानावर त्याचे कन्नड करणार. आमच्या घरात दोन्ही भाषा एकाच ताटात असतात. नातू मला मराठीत हाक मारतो आणि जेवायला मात्र कन्नडमधून मागतो. तेव्हा पुस्तिका दोन भाषांत होणे ओघानेच आले.

पहिलीच चार पाने टाइप केली आणि पडदा तांबडा झाला. मंडक्की, होळिगे, कोसंबरी, हुग्गी या सगळ्यांखाली नागमोडी रेघा. सासूबाई शाळेत शिकल्या त्या 1962 च्या शुद्धलेखन नियमांच्या आधी. त्यामुळे त्यांच्या वहीत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘नांव’ असे अनुस्वार जागोजागी. त्यांच्याखालीही रेघा. मला घाई होती. संगणक सुचवील तो शब्द घेत गेले आणि दोन-तीन ठिकाणी ‘करेक्ट ऑल’ दाबून मोकळी झाले.

संध्याकाळी पाने छापून त्यांना वाचून दाखवली. चुरमुऱ्यांच्या कृतीशी आले आणि वाचले, “मंडळी कढईत टाकून मंद आचेवर परतावी.” संगणकाने मंडक्कीची मंडळी केली होती!

“पाहुण्यांनाच कढईत घालायलीस काय गं?” सासूबाई म्हणाल्या. आम्ही खूप हसलो. मग त्यांनी पडद्यावरची मूळ पाने बघायला मागितली. बराच वेळ बघत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “एवढं सगळं तांबडं? म्हणजे मी आयुष्यभर चुकीचंच लिहिलं म्हणायचं. नको छापूस ते.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी शाळेत तीस वर्षे तांबड्या शाईने वह्या तपासल्या आहेत. ती रेघ समोरच्याला कशी लागते, हे त्या दिवशी मला कळले.

आपला शब्दकोश

दुसऱ्या दिवशी भाच्याने फोनवर सांगितले, “मामी, संगणकाला तो शब्द येत नाही एवढाच त्या रेघेचा अर्थ. चूक-बरोबर त्याला काय कळतंय? तुम्ही त्याला शिकवा की.” शिकवायचे म्हणजे आपला स्वतःचा शब्दकोश करायचा.

मी लिबरऑफिस रायटर वापरते. त्यात ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन भाषांच्या भागात ‘रायटिंग एड्स’ उघडले की शब्दकोशांची यादी दिसते. तिथे ‘न्यू’ दाबून मी ‘आजीची वही’ नावाचा कोश केला आणि ‘एडिट’मध्ये जाऊन दुपारभर शब्द भरले. परत येऊन पाहते तो रेघा जिथल्या तिथे!

पुढचे तीन दिवस या रेघांशी झगडण्यात गेले. तुमच्या घरीही कोणी लग्नपत्रिका, कुलवृत्तांत किंवा आजोबांच्या आठवणी टाइप करत असेल, तर त्याचा वेळ वाचावा म्हणून काय काय अडले ते सांगते.

कोशाची भाषा

पहिली चूक माझीच होती. कोश करताना भाषेच्या चौकटीत मी चुकून हिंदी निवडली होती. कोशाला जी भाषा दिली असेल, त्याच भाषेच्या मजकुराला तो लागू होतो. मराठी मजकूर तपासताना संगणक त्या कोशाकडे फिरकतच नव्हता. नवा कोश करून भाषा मराठी केली आणि निम्म्या रेघा गेल्या. यादीत कोशाच्या नावापुढे बरोबरची खूण आहे ना, तेही पाहावे. खूण नसेल तर कोश असूनही बंदच राहतो.

वर्ड वापरणाऱ्यांनाही असाच अनुभव येतो. शब्दावर उजवी टिचकी मारल्यावर कोशात घालण्याचा पर्याय फिकट दिसत असेल, तर बहुधा कोशाची भाषा आणि मजकुराची भाषा जुळत नसते. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘प्रूफिंग’ आणि ‘कस्टम डिक्शनरीज’ या वाटेने जाऊन कोशाला ‘सर्व भाषा’ असे करावे.

आमच्यासारख्या घरांची अडचण आणखी वेगळी. सून व्हॉट्सअ‍ॅपवर कन्नड मजकूर पाठवायची, मी तो जसाच्या तसा चिकटवायची आणि अख्खे पान तांबडे व्हायचे. रायटरमध्ये मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा एकाच गटात येतात आणि त्या गटाची ठरलेली भाषा एकच असते. माझ्याकडे ती मराठी होती. त्यामुळे संगणक कन्नड मजकूर मराठी समजून तपासत होता. कन्नड पान निवडून खालच्या पट्टीवरील भाषेच्या नावावर टिचकी मारली, कन्नड केले आणि रान मोकळे झाले. अर्थात कन्नडचा मूळ शब्दकोशही बसवलेला हवा. हे न कळल्यामुळे आदल्या दिवशी मी चाळीसेक कन्नड शब्द मराठी कोशात कोंबले होते. ते निस्तरावे लागले.

शब्द घातला, तरी रेघ

कोशात ‘बेळगाव’ घातले, पण ‘बेळगावात’, ‘बेळगावच्या’, ‘बेळगावहून’ यांखाली रेघ राहिलीच. आपला कोश म्हणजे नुसती यादी. त्याला विभक्ती कळत नाही. कन्नडचेही तेच, ‘बेळगावियल्लि’ वेगळे, ‘बेळगाविगे’ वेगळे. जी रूपे वारंवार येतात ती एकेक करून घालावी लागतात. ‘मंडक्की’बरोबर ‘मंडक्कीचा’, ‘मंडक्कीत’, ‘मंडक्कीला’ हेही घातले.

सर्वांत चकवले ते ‘चुरमुऱ्यांनी’. शब्द कोशात होता, अक्षर न् अक्षर तेच दिसत होते, तरी रेघ! हा अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून, दुसरा साध्या र ला हलन्त आणि पुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण संगणकाला दोन वेगळे शब्द. माझी टाइप करण्याची पद्धत एक आणि भाच्याने पाठवलेल्या मजकुराची दुसरी. ‘अॅ’चेही असेच. अ वर चंद्र देऊन एक होतो आणि 2008 साली युनिकोडमध्ये आलेले ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर दुसरे. उपाय सोपा आहे. एक पद्धत ठरवावी आणि ‘शोधा व बदला’ वापरून सगळीकडे तीच करावी.

रेघ नाही, तरी चूक

याहून धोक्याची गोष्ट वेगळीच. घाईघाईत शब्द घालताना आमच्याच आडनावातला एक रफार गळाला आणि ते चुकलेले आडनाव कोशात जाऊन बसले. त्यानंतर संगणक गप्प! सुनेच्या नजरेस पडले म्हणून वाचलो. ‘एडिट’मध्ये जाऊन तो शब्द काढून टाकला. कोश पूर्ण झाला की एकदा तो वरपासून खालपर्यंत दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावा.

तसेच ‘एक वाटी साखर’ऐवजी ‘एक वाती साखर’ पडते. वाती हा शब्द बरोबरच आहे, म्हणून रेघ येत नाही. यासाठी रायटरमध्ये अपवादांचा कोश करता येतो. त्यात ‘वाती’ घालून बदली शब्द ‘वाटी’ दिला. आता वाती दिसली की संगणक टोकतो.

कोश जपून ठेवा

शेवटचे सांगणे फार महत्त्वाचे. हा कोश आपल्या पुस्तिकेच्या फाइलमध्ये नसतो, तो संगणकात वेगळा राहतो. रायटरमध्ये तो वापरकर्त्याच्या फोल्डरातील ‘वर्डबुक’ या कप्प्यात असतो, वर्डमध्ये ‘यूप्रूफ’ या कप्प्यात. संगणक फॉरमॅट केला तर पुस्तिकेची प्रत दुसरीकडे ठेवलेली असली, तरी कोश जातो. म्हणून त्याची प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. साधी मजकुराची फाइल असते ती, एका ओळीत एक शब्द. नोटपॅडमध्ये उघडायची झाल्यास आधी प्रोग्राम बंद करावा. रायटरच्या कोशातल्या वरच्या चार ओळींना हात लावू नये आणि जतन करताना यूटीएफ-8 निवडावे. वर्डच्या कोशासाठी यूटीएफ-16 एलई हवे. नाही तर सगळ्या शब्दांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात.

चौथ्या दिवशी सासूबाईंना संगणकापुढे बसवले. ‘कांहीं’, ‘नाहीं’ सगळे त्यांच्या अनुस्वारांसकट परत आले होते. मंडक्की कढईत होती आणि पाने पांढरीशुभ्र. त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिले.

“तांबडं गेलं की!” त्या म्हणाल्या. “पुसलंस काय?”

“नाही,” मी म्हटले, “त्याला तुमचे शब्द शिकवले.”

त्या कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळाने आतून हाक आली, “सांडग्यांची कृती राहिलीय बघ त्यात. लिहून घे.”