लेप व भाकस गरवण्यासाठी आमिषाची निवड

कोकण किनाऱ्यावरील शेतकऱ्यास शेतीच्या कामातून उसंत मिळाली म्हणजे गळ व तंगूस घेऊन खाडीच्या मुखाशी गरवण्यास जाण्याची जुनी चाल आहे. या उद्योगास होडी लागत नाही की मोठे जाळे लागत नाही. घरच्या जेवणात मात्र पौष्टिक अन्नाची भर पडते. तथापि भरतीची सारी वेळ पाण्याशी घालवून रिकाम्या हाताने परतणारेही पुष्कळ असतात. असे अपयश नशिबावर लोटण्यापूर्वी गळास लावलेले आमिष तपासावे. वाळूत दडून राहणाऱ्या चपट्या माशांच्या बाबतीत तर हे विशेष अगत्याचे आहे.

माशाचे तोंड पाहावे

चपट्या माशाचे पिल्लू प्रथम इतर माशांसारखेच असते. डोक्याच्या दोन्ही बाजूंस एकेक डोळा असतो. वाढीच्या ओघात एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूस येतो आणि मासा एका अंगावर तळाशी पडून राहू लागतो. तथापि सर्व चपट्या माशांचे अन्न एक नसते. लेपाचे तोंड लहान व वाकडे असते. तो तळातील गांडुळासारखे कृमी व बारीक कवचधारी प्राणी वेचून खातो. भाकसाचे तोंड मोठे व दात तीक्ष्ण असून तो लहान मासे पकडतो. मोठा भाकस बहुधा खोल पाण्यात राहतो. किनाऱ्यावरून तो क्वचितच लागतो.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरही हाच भेद आढळतो. तेथील ‘हिवाळी फ्लाउंडर’ या लहान तोंडाच्या चपट्या माशास कृमी किंवा शिंपल्याचे मांस बारीक गळास लावून देतात. ‘उन्हाळी फ्लाउंडर’ या दाताळ माशास माखलाची लांब पट्टी वा जिवंत लहान मासा देतात. यावरून नियम असा निघतो की, गळ व आमिष ही दोन्ही माशाच्या तोंडाच्या मापाची असावीत. हाती आलेल्या पहिल्या माशाचे पोट साफ करताना त्यातील अन्न पाहून ठेवल्यास पुढील निवड सोपी होते.

आमिषांचे गुणदोष

लेपासाठी वाळूतील कृमी व सोललेल्या कोळंबीचा लहान तुकडा उत्तम. तिसऱ्यांचे मांस मऊ असल्यामुळे कुर्ल्या व बारीक मासे ते गळावरून ओढून नेतात. यास्तव मांसास मीठ लावून ठेवावे, म्हणजे ते घट्ट होते, अथवा ते दोऱ्याने गळास बांधावे. माखलाचे मांस चिवट असल्याने गळावर पुष्कळ वेळ टिकते. मोठ्या तोंडाच्या माशासाठी त्याची अरुंद, लांब पट्टी कापून एका टोकाशी गळ टोचावा, म्हणजे दुसरे टोक प्रवाहात हलत राहते. जिवंत मासा ओठांतून टोचल्यास अधिक वेळ तग धरतो.

कोणतेही आमिष ताजे असावे. ते ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावे आणि गळावरील आमिष दर दहा-पंधरा मिनिटांनी तपासावे. कृमी व शिंपले गरजेपुरतेच काढावेत. उकरलेली वाळू पुन्हा सारखी करावी.

कृत्रिम आमिष केव्हा वापरावे

बाजारातील रबरी मासे व चकाकणाऱ्या पट्ट्या यांना वास नसला तर सारी भिस्त माशाच्या दृष्टीवर राहते. पावसाळ्यात खाडीचे पाणी गढूळ असते. अशा वेळी त्यांवर पैसे खर्च करणे इष्ट नाही. पाणी निवळल्यावर त्यांचा उपयोग दाताळ माशांसाठी होतो. चपटा मासा तळाशी पडून वर पाहत असतो. म्हणून आमिष तळालगत हळूहळू ओढावे. नुसत्या कृत्रिम आमिषास माखलाची पट्टी जोडल्यास वासाचाही लाभ मिळतो.

वेळ व दक्षता

चढत्या पाण्याबरोबर मासे अन्नासाठी उथळ भागात येतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते, हा किनाऱ्यावरील जुना हिशेब उपयोगी आहे. अष्टमीस ती सुमारे सहा वाजता येते. उधाणाच्या दिवसांत पाणी वेगाने चढते. सबब खाजणापलीकडील वाळूच्या पट्ट्यावर जाण्यापूर्वी परतीची वाट व वेळ निश्चित करावी. एकट्याने जाऊ नये.

उथळ वाळूत पाकटही दडून असते. पाऊल उचलून न टाकता घासत चालावे, म्हणजे ती दूर जाते. तिचा काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावी व त्वरित दवाखाना गाठावा.

महाराष्ट्र शासनाने 2023 साली 54 जातींच्या मासळीसाठी किमान आकारमान ठरवून दिले आहे. कोवळा मासा आज सोडला तर तो वाढून प्रजा निर्माण करतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट गावकऱ्यांस समजावून द्यावी. तसेच कोणत्या तिथीस, कोणत्या आमिषास, कोणता मासा लागला याची टिपणवही गावात ठेवण्यास उत्तेजन द्यावे. एका हंगामाच्या नोंदी जमल्या म्हणजे त्या गावच्या खाडीस कोणते आमिष मानवते हे गावकऱ्यांस आपल्याच वहीवरून कळेल.