पार्थेनॉनची रेषा सरळ करू नका!

अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवर पोहोचलेला पर्यटक पार्थेनॉनचे पहिले छायाचित्र टिपतो ते बहुधा मंदिराच्या पाठीचे. महाद्वारातून वर येताच समोर दिसते ती पश्चिम बाजू. मुख्य द्वार आहे पूर्वेला. सकाळी सूर्य मंदिरामागे असल्याने पश्चिम बाजू काळवंडते. अशा वेळी थेट पूर्वेकडे चालत जावे आणि पश्चिमेसाठी दुपार उलटण्याची वाट पाहावी. सप्टेंबर २०२३ पासून येथे दिवसाला २० हजार पर्यटकांची मर्यादा असून तिकिटावर प्रवेशाची वेळ ठरलेली असते. त्यामुळे प्रकाशाचा विचार तिकीट काढतानाच केलेला बरा.

मात्र खरी फसगत होते ती घरी परतल्यावर. संगणकावर छायाचित्र उघडले की खांब आत झुकलेले आणि जोते वाकलेले दिसते. दोष लेन्सचा समजून रेषा सरळ केल्या जातात. येथेच इक्टिनोस आणि कॅलिक्रॅटिस या वास्तुविशारदांची करामत पुसली जाते. इसवी सनपूर्व ४४७ मध्ये सुरू झालेल्या या मंदिराचे जोते मुद्दामच मध्यभागी उंचावलेले आहे, रुंदीच्या बाजूस सुमारे ६, तर लांबीच्या बाजूस सुमारे ११ सेंटीमीटर. खांब मध्ये किंचित फुगीर व आत कललेले असून कोपऱ्यांतील खांब इतरांहून जाड आहेत. सपाट जोते डोळ्यांना खचल्यासारखे भासते, असे कारण रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसने दिले होते. पावसाचे पाणी वाहून जावे, हाही हेतू असावा असे काही अभ्यासक मानतात. इंग्रज वास्तुविशारद फ्रान्सिस पेनरोझ याने १८४६-४७ मध्ये या वक्रतेची काटेकोर मोजमापे घेतली.

अर्थात, लेन्सचाही दोष असतोच. कॅमेरा वर उचलला की खांब अधिकच आत झुकतात. वाइड अँगल लेन्सने चौकटीच्या तळाशी आलेली रेषा मध्यभागी खाली झुकते, म्हणजे जोत्याचा खरा उंचवटाच नाहीसा होतो! म्हणून मागे सरकून कॅमेरा समतल धरावा आणि जोते चौकटीच्या मध्याजवळ ठेवावे. वक्रताच टिपायची असेल तर कोपऱ्याशी, दोरीबाहेर खाली बसून पायऱ्यांच्या रेषेत झूम लेन्स रोखावी. लांबवरचा उंचवटा तेव्हा स्पष्ट दिसतो.

खांबांवरील पांढरेशुभ्र तुकडेही अनेकांना खटकतात. ते १९८३ पासून चाललेल्या जीर्णोद्धारात बसवलेले नवे संगमरवर आहे. जुने-नवे ओळखू यावे, असाच जीर्णोद्धाराचा दंडक असल्याने तेही रंगवून झाकू नये. ट्रायपॉड मात्र हॉटेलवरच ठेवावा. त्यासाठी वेगळी परवानगी लागते.