इंटर्नशिप : १२० तासांचं सोनं कसं करायचं?

गैरसमज : शिक्का मारलेलं पत्र मिळालं की इंटर्नशिप झाली.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या श्रेयांक आराखड्यात इंटर्नशिपच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले आहेत. चार श्रेयांकांचे १२० तास, म्हणजे रोज सहा तास धरले तर अवघे २० दिवस. ‘सगळं बघून घे’ म्हणत मुलांना या खात्यातून त्या खात्यात फिरवलं, तर हे दिवस हां हां म्हणता सरतात. म्हणून आधीच दोन गोष्टी कागदावर हव्यात : कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं आणि अडलं तर कारखान्यात कोणाला विचारायचं.

गैरसमज : खरी इंटर्नशिप पुण्या-मुंबईतच.

सोलापूरच घ्या. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. बी.कॉम.च्या विद्यार्थिनीला एकाच टॉवेलचा उत्पादन खर्च काढायला सांगा. सूत किती ग्रॅम लागलं? रंगाईला किती गेले? मजुरी कशी मोजतात? खराब माल किती निघाला? टेरीच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम असतात. एकाचा ताणा घट्ट, दुसऱ्याचा सैल. त्या सैल धाग्यांच्याच टॉवेलवरच्या कड्या बनतात. कडी उंच झाली की सूत जास्त लागतं, खर्च वाढतो. मागासमोर उभं राहून, कामगाराच्या तेलुगू मिसळलेल्या मराठीत हे समजून घेतलं की पुस्तकातलं कॉस्टिंग पक्कं होतं. आणि मालकाच्या हातीही हिशेबाचा एक कामाचा कागद येतो.

गैरसमज : विद्यार्थी म्हणजे उद्योजकाला ओझं.

कृषी महाविद्यालयांचे कृषिदूत आणि कृषिकन्या पाहा. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ते गावात राहतात, बीजप्रक्रिया, माती परीक्षण शेतकऱ्यांना करून दाखवतात. शिकतात आणि देतातही. वाणिज्य, कला शाखांनी हीच पद्धत उचलावी. मात्र २० दिवस नुसतं पॅकिंग करून घेणं ही मजुरी आहे. तिचे पैसे मोजावेत.

गैरसमज : सरकारी योजनेतून भागेल.

२०२४च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत शिक्षण चालू असलेल्यांना प्रवेश नाही. पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही सुरू झाली तेव्हा पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी नव्हती.

म्हणजे ही जबाबदारी महाविद्यालयाची आणि स्थानिक उद्योगाची. प्राध्यापकांनी सत्र सुरू होण्याआधीच सोलापूरच्या अक्कलकोट रोड, चिंचोळी एमआयडीसीत जाऊन मालकांशी बोलावं, प्रश्न ठरवावेत. आणि मालकांनो, बार्शी-मोहोळहून रोज एसटीने येणाऱ्या मुलीला निदान जाण्यायेण्याचा खर्च तरी द्या.