माळ्यावरचा संगणक : ठेवावा, दुरुस्त करावा की विकावा?

आपल्या गावांतली जुनी मराठी घरे आता एकामागून एक रिकामी होत आहेत. कुणी वाडा पाडून सदनिका बांधतो, कुणी मुलाकडे पुण्याला किंवा बंगळूरला राहायला जातो, कुठे भावंडांच्या वाटण्या होतात. अशा वेळी तांब्या-पितळेच्या भांड्यांचे, सागवानी कपाटाचे, देवघरातल्या मूर्तींचे काय करायचे हे आपल्याला ठाऊक असते. त्याच्या रीती ठरलेल्या आहेत. पण माळ्यावरच्या एखाद्या खोक्यातून १९८० च्या दशकातला घरगुती संगणक निघाला की सगळे अडतात. सून म्हणते भंगारात द्या, मुलगा म्हणतो याला हजारोंनी पैसे मिळतात, आणि ज्याने तो आणला होता तो एक तर फोटोत असतो, नाही तर काही बोलत नाही.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, संगणकाचा अभियंता नव्हे. पण तारा आणि डाग देण्याची कढई-कथील यांची आवड कॉलेजपासूनची, त्यामुळे ओळखीच्या घरांतली अशी बरीच खोकी माझ्या टेबलावर येऊन गेली. त्यावरून जे समजले ते इथे सांगतो.

आधी वस्तू कोणती ते पाहू. उदाहरणासाठी सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम घेऊ, कारण आपल्याकडे त्याचा संबंध जवळचा आहे. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने तो इंग्लंडमध्ये २३ एप्रिल १९८२ रोजी बाजारात आणला. १६ के स्मृतीचा नमुना १२५ पौंडांना आणि ४८ केचा १७५ पौंडांना. रबरी बटणे, काळे अंग, कोपऱ्यात सप्तरंगातले चार पट्टे. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. तो घरातल्या टीव्हीला जोडायचा. डिस्क नव्हती, प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर जपायचे. इंग्लंडमधून परतणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून तो आपल्याकडे आला, आणि पुढे पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने त्याच्या सुधारित 'स्पेक्ट्रम प्लस' नमुन्याची परवान्याने विक्री सुरू केली. त्यामुळे बेळगाव, इंदूर, बडोद्याच्या माळ्यावर तो सापडला तर नवल वाटू नये.

४८ के म्हणजे ४९,१५२ अक्षरे मावतील एवढी जागा. आज सकाळी तुमच्या फोनवर आलेल्या 'सुप्रभात'च्या एका चित्राला याहून जास्त जागा लागत असेल. एवढ्यात बुद्धिबळाचे खेळ झाले, दुकानांचे हिशेब झाले, आणि एका पिढीची मुले संगणकाला आज्ञा द्यायला शिकली.

आता मूळ प्रश्न. 'ठेवावा की विकावा' असे आपण विचारतो तेव्हा त्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले असतात. यंत्राचे काय करायचे? त्या यंत्रासोबतच्या कॅसेटांवर जे आहे त्याचे काय करायचे? आणि त्या माणसाच्या आठवणीचे काय करायचे? हे तीन वेगळे केले की निम्मा गुंता सुटतो. आम्ही डॉक्टर मंडळी औषध लिहिण्याआधी रोग्याची हकीकत घेतो. इथेही हकीकत आधी, निर्णय नंतर.

याचे एक मोठे उदाहरण आमच्या परंपरेत आहे. षट्खंडागमावरील 'धवला' टीकेच्या ताडपत्री पोथ्या दक्षिण कर्नाटकातल्या मूडबिद्रीला शतकानुशतके जपल्या गेल्या. लोक त्यांचे दर्शन घेत, वाचत मात्र क्वचितच कुणी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला करायला सुरुवात झाली, ते काम वर्षानुवर्षे चालले, आणि १९३९ साली प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून पहिला खंड छापून निघाला. ताडपत्र जपणे हे एक काम आणि त्यावरचा मजकूर जपणे हे दुसरे. पहिल्याने दुसरे आपोआप होत नाही. माळ्यावरच्या संगणकाची योग्यता पोथीची नाही, पण नियम तोच.

म्हणून पहिले काम कॅसेटांचे. यंत्र बंद पडलेले असले तरी हे करता येते. कॅसेट हातात घेऊन तिच्या मागच्या कडेची दोन छोटी पाती आहेत का पाहा. असली तर मोडून टाका, म्हणजे चुकून वरून दुसरे काही रेकॉर्ड होणार नाही. फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट चालवू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या. बाकीच्या कॅसेट चांगल्या प्लेअरवर लावून त्यांचा आवाज तारेने आजच्या संगणकात उतरवून घ्या. साठवताना फाइल 'वेव्ह' स्वरूपात ठेवा. आकार लहान करण्याच्या नादात आवाज दाबला की प्रोग्रॅम वाचला न जाण्याची भीती असते. पूर्ण ४८ के उतरायला साडेचार-पाच मिनिटे लागतात, म्हणजे दहा-बारा कॅसेटांचे काम एका रविवारचे आहे. ऐकताना किर्र आवाज येईल; तोच प्रोग्रॅम.

पण नेहमी तेवढेच नसते. एका घरात तीन भावंडांनी थोरल्या भावाचा स्पेक्ट्रम विकायचे ठरवले होते. थोरला भाऊ तरुणपणीच गेला होता. घेणारा परगावचा, त्याला 'कॅसेटांसकट' हवा होता आणि भावही चांगला देत होता. मी म्हटले, आधी ऐका तरी. त्या काळी बरेच जण प्रोग्रॅम रेकॉर्ड करण्यापूर्वी त्याचे नाव तोंडाने बोलून ठेवत, म्हणजे पुढे शोधायला सोपे. या मुलानेही तेच केले होते. प्रत्येक किर्र आवाजाआधी त्याचा आवाज : तारीख, प्रोग्रॅमचे नाव, आणि एके ठिकाणी मागून आईची जेवायला हाक. त्या घरात आईचाही आवाज दुसरीकडे कुठे नव्हता. पुढे त्यांनी यंत्र विकले, आणि योग्य केले. त्यांच्यापैकी कुणी ते कधी चालवणार नव्हते. कॅसेटा मात्र विकल्या नाहीत, आणि उतरवलेल्या आवाजाची एकेक प्रत तिघांकडे आहे.

दुसरे काम यंत्राच्या तपासणीचे, आणि इथे उतावीळपणा महागात पडतो. 'चालतो का बघू' म्हणून लगेच वीज जोडू नका. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा एकदिश पुरवठा लागतो, आणि त्याच्या पिनेत आत ऋण व बाहेर धन असते. आज घरात पडलेले बहुतेक अडॅप्टर याच्या नेमके उलट असतात. तसला लावला तर चाळीस वर्षे टिकलेले यंत्र एका क्षणात जायबंदी होऊ शकते. मूळ अडॅप्टर असेल तर आधी मल्टीमीटरने मोजा. भार नसताना तो ९ च्या वर आकडा दाखवतो, ते त्याच्या जातीचेच लक्षण आहे. वायरीचे आवरण तडकले असेल तर तो बाजूला ठेवा.

आतल्या दुखण्यांची यादी फार लांब नाही. बटणांखाली प्लास्टिकची पातळ पटली असते; ती वयाने कडक होते आणि केबल वाकते तिथे तुटते. अशा नव्या पटल्या आजही बनवून विकल्या जातात. विद्युत साठवणारे छोटे नळकांड्यांसारखे कपॅसिटर वाळतात. ते स्वस्त असतात, जाणकाराला बदलायला तास-दोन तास लागतात. खालच्या १६ के स्मृतीच्या आठ चिपांना उणे ५, अधिक ५ आणि अधिक १२ असे तीन व्होल्टेज लागतात. ते बनवणारा आतला भाग बिघडला की त्या चिपा जळतात. म्हणून आधी व्होल्टेजचे कारण शोधावे लागते, नाही तर नवी चिपही जळते. मूळ रोग सोडून लक्षणावर औषध दिले की काय होते, हे आम्हाला वेगळे सांगायला नको. फेरांटी कंपनीने बनवलेली 'यूएलए' ही मुख्य चिप आता बनत नाही. तिला पर्यायी नवी मंडळे निघाली आहेत, पण ती गेली असेल तर खर्चाचा हिशेब पुन्हा मांडा.

दुसऱ्या जातीचा संगणक असेल तर दोन गोष्टी विशेष पाहा. आत घड्याळासाठी बसवलेली पुनर्भारित बॅटरी असेल तर ती आज चालो न चालो, काढूनच टाका. तिच्यातून झिरपणारा क्षार तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो. आणि बीबीसी मायक्रोसारख्या यंत्राच्या वीजपुरवठ्यात कागदी कपॅसिटर असतात; त्यांच्या अंगाला भेगा पडतात आणि वीज लावली की त्यातून धूर निघतो. ते आधी बदलावेत. थेट २३० व्होल्ट येणाऱ्या भागाला घरी हात लावू नका.

दुरुस्ती किती करावी? जुनी समई घ्या. रोज देवापुढे लावायची असेल तर चिंचेने घासून लख्ख करा. तीच समई जुनी कारागिरी म्हणून कुणाला द्यायची असेल तर तिच्यावरचा काळाचा रंग काढला की किंमत उतरते. यंत्राचेही तसेच आहे. नातवंडाला चालवायला द्यायचा असेल तर नवी पटली, नवे कपॅसिटर, आणि आजच्या टीव्हीच्या एव्ही भोकाला जोडता येईल असा छोटा बदल खुशाल करा. संग्राहकाला विकायचा असेल तर धूळ पुसा, एवढेच. रंग देऊ नका, खोके चिकटपट्टीने जोडू नका, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग पुडीत घालून सोबत द्या. संग्राहक मूळ खोके, पुस्तिका, बिल यांनाही भाव देतो. कित्येकदा भंगारात आधी जाते ते नेमके हेच कागद.

विकण्याआधी एवढे पाहा की तुम्ही काय गमावणार आहात. प्रोग्रॅम चालताना पाहायची हौस असेल तर मूळ यंत्र लागतच नाही. १९८६ साली सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय अॅमस्ट्रॅड कंपनीने घेतला, आणि पुढे तिने स्पेक्ट्रमची मूळ आज्ञावली अनुकारक प्रोग्रॅमांसोबत वाटायला परवानगी दिली. त्यामुळे आजच्या साध्या संगणकावर स्पेक्ट्रम हुबेहूब चालतो. कॅसेटवरून उतरवलेला आवाजही त्यात वाचता येतो. ज्याला रबरी बटणाचा स्पर्शच हवा, त्यानेच यंत्र ठेवावे. विकताना चालते-बंद काय ते लेखी सांगा, चालू स्थितीचा फोटो द्या, आणि पाठवताना यंत्र हलणार नाही असे बांधा.

ठेवायचे ठरले तर नीट ठेवा. आपल्याकडचा पावसाळा लोखंडालाच नव्हे, फितीलाही सोसत नाही. यंत्र सुती कापडात गुंडाळून, ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून, माळ्यावर नव्हे तर राहत्या खोलीतल्या कपाटात ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात प्लास्टिक वाकते. डांबरगोळ्या घालू नका, त्यांची वाफ काही प्लास्टिकांना बाधते. रबरबँड गुंडाळू नका, तो वितळून चिकटतो. आणि खोक्यात एक कागद ठेवा : हा कुणी आणला, कधी, कशासाठी वापरला. तो कागद नसेल तर पुढच्या पिढीला ते नुसते काळे खोके आहे.

यंत्र दुरुस्तीपलीकडे असेल, कुणाला नको असेल, तर ते कबूल करा. पण भंगाराच्या गाडीवर टाकू नका. त्याच्या डागांत शिसे असते, आणि तांब्यासाठी असल्या पट्ट्या उघड्यावर जाळल्या जातात. तो धूर ज्यांच्या पोटात जातो त्यांतली काही मुले उद्या आमच्याच दवाखान्यात येतात. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम देशात लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच ते द्यावे.

अपरिग्रह हा आमच्या घरचा संस्कार आहे, त्यामुळे वस्तू हातावेगळी करण्याला माझा कधीच विरोध नसतो. सोडणे आणि टाकून देणे यांत मात्र फरक आहे. सोडणारा आधी वस्तूत काय आहे ते पाहतो, जे दुसऱ्याच्या उपयोगाचे ते त्याला देतो, आणि जे आपल्या माणसांचे आहे ते काढून ठेवतो. तेव्हा घर रिकामे करायची तारीख ठरली असेल तर क्रम एवढाच लक्षात ठेवा : आधी कॅसेटा ऐका, मग वीज न लावता यंत्र उघडून पाहा, मग घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून विचारा की हे कोण चालवणार आहे. कुणी हात वर केला तर दुरुस्त करून त्याच्या हवाली करा. कुणीच केला नाही तर निःशंक मनाने विका.