साता समुद्रापारचा वर्ग

आमच्या उचगावापासून शिवाजी विद्यापीठ जवळच. आसपासच्या गावांतल्या मुली परदेशी भाषा शिकतात, कुणी जर्मन घेते, कुणी जपानी. वर्षानुवर्षं व्याकरण घोकतात, मार्कही छान पडतात. पण ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाशी बऱ्याचजणी एकदाही बोललेल्या नसतात. मग मुलाखतीत तोंडातून शब्द फुटत नाही.

यावर उपाय आहे. इथला वर्ग आणि तिथला वर्ग इंटरनेटवरून जोडायचा. जगभर हे चालतं. पण असे वर्ग थाटात सुरू होतात आणि पुष्कळदा गुपचूप बंद पडतात. दोष इंटरनेटला देतात. खरं दुखणं वेगळंच असतं, आणि संसार चालवणाऱ्या बाईला ते चटकन कळेल.

पहिलं म्हणजे घड्याळ. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात आणि आपला अडीचचा तास साडेतीनवर जातो. मुलीची केएमटी चुकते. अमेरिकेशी जोडायचं तर आपल्याकडे रात्रीचे आठ, म्हणजे नेमकी भाकरीची वेळ. हातात फोन आणि आतून हाक, "अगं, ताटं घे की!" त्यातून परक्या मुलाशी बोलते म्हणून घरात कुरबुर, ती वेगळीच.

दुसरं, कॅलेंडर. जर्मनीतली हिवाळी सत्राची तासिका ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होते, तेव्हा आपल्याकडे परीक्षा आणि दिवाळी. आपण परततो तोवर त्यांचा नाताळ. फेब्रुवारीच्या मध्याला त्यांचं सत्र संपतं. हाती उरतात जेमतेम आठ-दहा आठवडे. हे जूनमध्येच मांडून ठेवलं नाही, तर सगळंच मुसळ केरात.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 1997 साली 'कल्चुरा' नावाचा प्रकल्प सुरू झाला. फ्रेंच शिकणारी अमेरिकन मुलं आणि इंग्रजी शिकणारी फ्रान्समधली मुलं. दोघांना एकच शब्द द्यायचा आणि मनात काय येतं ते ज्यानं त्यानं आपल्या भाषेत लिहायचं. 'उपनगर' म्हटल्यावर अमेरिकन मुलांना टुमदार घरं आठवली, फ्रेंच मुलांना गरिबी आणि दंगली. मग दोघंही एकमेकांना विचारू लागली, असं का? मला यातली गंमत अशी वाटते की हे लिहायचं काम, त्याला एकाच वेळी जागं असावं लागत नाही. बोलणं नंतर, महिन्यातून एकदा, कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून केलं तरी चालतं. घरच्यांचीही चिंता मिटते.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी आठवतात ना? 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. भारत-पाकिस्तान, इस्राएल-पॅलेस्टाइन अशा देशांतल्या मुलांना जोडणारा त्यांचा उपक्रम सहा आठवड्यांचा होता. सुरुवात ठरलेली, शेवटही ठरलेला. विद्यापीठांनी शाळेकडून शिकावं असं हे आहे.

आणि हो, बचत गटाकडूनही. आमच्याकडे जे गट टिकले त्यांची तारीख पक्की, वही पक्की आणि अध्यक्ष बदलली तरी काम अडत नाही. भाषेच्या वर्गात मात्र सगळा भार एकाच हौशी मॅडमवर. त्यांची बदली झाली, बाळंतपणाची रजा आली, की ओळखीपाळखी, पत्ते, सगळं त्यांच्याबरोबर जातं. दोन्हीकडे दोन-दोन शिक्षक हवेत. शिवाय या कामाला अंतर्गत गुण हवेत. "मार्काचं आहे" म्हटलं की घरचेही तासभर मोकळं सोडतात, हा माझा अनुभव.

आपल्या मुली पहिल्या यादीत कोणते शब्द पाठवतील, याचा मी मनाशी विचार करत असते. माहेर, उसनं, हळदीकुंकू, शेजार. 'शेजार' या शब्दासमोर जर्मनीतली मुलगी काय लिहील, ते वाचायला मला फार आवडेल.